‘रुळलं’ नावाचा रकाना

आमच्या लेकीनं ओठ काढला आणि वादाला तोंड फुटलं.

सात महिन्यांची आहे. परवापरवापर्यंत लिफ्टमधल्या कुणाच्याही कडेवर जायची, पेपरवाल्याकडे बघून बोळकं पसरायची. गेल्या पंधरवड्यात अचानक माणसं ओळखायला लागली. रविवारी आम्ही डोंबिवलीला मावशींकडे गेलो. मावशींनी हात पुढे केले, “ये गं माझी बाय ती” म्हणाल्या. लेकीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. खालचा ओठ हळूहळू पुढे आला, थरथरला, आणि मग असं भोकाड पसरलं की शेजारच्या बाई येऊन डोकावून गेल्या.

या मावशी म्हणजे माझ्या बायकोच्या मावशी. १९९१ पासून डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवतात. माझी बायकोही तिथंच वाढली. तिची आई फोर्टातल्या एका कंपनीत होती आणि त्या काळी कायद्यानं बाळंतपणाची रजा मिळायची १२ आठवडे. २०१७ पासून ती २६ आठवडे झाली. आमचे ते २६ आठवडे संपले, त्याला चिकटून आलेली उन्हाळ्याची सुट्टीही संपली. बायको कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, आणि दर वर्षी बाळाला लागणाऱ्या लळ्यावर चार तास घेते. पुढच्या आठवड्यापासून लेकीला मावशींकडे ठेवायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी आणि मावशींनी ठरवलं होतं.

त्या दुपारचं बोलणं आठवतं तसं उतरवतो आहे. बायकोला इथं ‘भाची’ म्हणतो. त्या दुपारी ती तेवढीच होती.

मावशी: रडू दे. चार दिवसांत रुळेल.

भाची: मला नेमका हाच शब्द नकोय, मावशी.

मावशी: का? नवी चप्पल रुळते, नवी सून रुळते, मूलही रुळतं. थांब, तुला पुरावाच दाखवते.

(पुरावा म्हणजे एक वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबोडकी, किराणा दुकानदाराकडे असते तशी. मुलाचं नाव, जन्मतारीख, आईबापांचे फोन, काय खातं, काय सोसत नाही, आणि सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना: ‘रुळलं’. त्याखाली फक्त दिवस.)

मावशी: हे बघ. तिसरा दिवस. पाचवा. चौथा. हा एक बारावा, कारण त्याची आजी रोज खिडकीतून डोकावायची. आणि ही तू. ‘रुळली, तिसरा दिवस.’

भाची: पहिले दोन दिवस मी काय करत होते?

मावशी: रडत होतीस.

भाची: आणि तिसऱ्या दिवशी?

मावशी: गप्प झालीस.

भाची: बघ! मी गप्प झाले आणि तू लिहिलंस ‘रुळली’. मावशी, १९५२ साली लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसानं एक छोटी फिल्म काढली. हा युद्धाच्या काळात ॲना फ्रॉइडच्या बालगृहात बॉयलर सांभाळायचा, मुलांकडे बघायला तिथंच शिकला. फिल्ममध्ये दोन वर्षांची एक मुलगी आहे, लॉरा. हर्नियाचं छोटंसं ऑपरेशन, आठ दिवस इस्पितळात. आईबापांना भेटायला मोजका वेळ. ती फार रडत नाही. एखाद्या नर्सला वाटावं, काय शहाणी मुलगी आहे! पण आई भेटायला येते तेव्हा ती तोंड फिरवते. रॉबर्टसननं अशी कितीतरी मुलं पाहिली होती. आधी आकांत, मग हताश होणं, आणि मग एक अलिप्तपणा. हा तिसरा टप्पा आला की इस्पितळवाले म्हणायचे, मूल रुळलं. फिल्म बघून डॉक्टर मंडळी चिडली होती.

मावशी: चिडणारच, त्यांच्या वहीतला रकाना खोटा ठरवला की त्यानं. पण त्या साहेबांना हे फिल्म काढून सांगावं लागलं, यातच सगळं आलं. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात जाऊन बघ, मुलाच्या खाटेखाली आई चटई टाकून झोपलेली असते. रात्री नर्स तिला ओलांडून जाते.

भाची: तिकडे १९५९ साली सरकारी समितीनं सांगितल्यावर दारं हळूहळू उघडली. तो बदल घडवण्यात या फिल्मचा मोठा हात होता.

मावशी: चांगलं केलं. पण माझं इस्पितळ नाही, बाई. माझ्याकडे संध्याकाळी साडेसहाला आई येते. रोज येते.

भाची: रोज दहा तास नसतेही. रॉबर्टसनच्या बरोबर जॉन बोल्बी नावाचे डॉक्टर होते. या सगळ्या विचाराचा पाया त्यांनी घातला. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी अहवाल लिहिला की लहान मुलाला जीवनसत्त्वं जितकी गरजेची, तितकंच आईचं किंवा आईच्या जागी कायम असणाऱ्या माणसाचं ऊबदार, न तुटणारं नातं गरजेचं. बाळ रडतं, चिकटतं, मागे रांगत येतं, ते लाडावलंय म्हणून नव्हे. माणसाचं पिल्लू एकटं पडलं की मरणार, म्हणून निसर्गानं त्याला ही दोरी दिली आहे.

मावशी: या डॉक्टरांना स्वतःच्या आईनं वाढवलं?

(इथं बायको थबकली. मला उत्तर ठाऊक होतं, पण मी लेकीचं झबलं नीट करत बसलो.)

भाची: नाही. १९०७ चा जन्म, लंडनचं बडं घराणं. आई दिवसातून तासभर भेटायची, चहानंतर. मिनी नावाची दाई होती, तिनं सांभाळलं. ते चार वर्षांचे असताना ती सोडून गेली.

मावशी: आणि त्याचं दुःख त्यांना जन्मभर पुरलं असेल.

भाची: त्यांनी तसं लिहिलंय. जीव लावणारी दाई मूल तीन-चार वर्षांचं असताना निघून जाणं, हे जवळजवळ आई जाण्याइतकंच.

मावशी: म्हणजे ज्या माणसानं जगातल्या सगळ्या आयांना घरी बसवलं, त्याचा स्वतःचा जीव तुटला तो पाळणाघरवालीसाठी!

भाची: घरी बसवलं असं नाही गं. तसा अर्थ लोकांनी काढला.

मावशी: लोकांना काढू दिला. बाप कुठे ठेवलाय त्यांनी?

भाची: बाप... सुरुवातीच्या लिखाणात बापाचं काम आईला पैशाचा आणि मनाचा आधार देणं.

मावशी: ऐकताय ना, जावईबापू? तुम्हाला हे शास्त्र सोयीचं आहे.

(मी हसलो. पण खरं सांगायचं तर लेक जन्मली तेव्हा मला पाच दिवसांची रजा मिळाली होती, आणि त्यातले दोन दिवस विम्याच्या कागदांत गेले. रात्री ती रडली की मी जागा व्हायचो आणि बायकोला उठवायचो. हे मी आधार देणं समजत होतो.)

भाची: अगं, आपल्याकडेही गोष्ट तीच आहे ना. हिरकणी रायगडाचा कडा उतरली ती तान्ह्यासाठी. बापाचं नाव कुणी घेतं का?

मावशी: हिरकणीचं काढलंस ते बरं झालं. दूध विकायला ती रोज गडावर जायची ना? मग रोज दिवसभर त्या तान्ह्याजवळ कोण बसायचं? सासू असेल, शेजारीण असेल. त्या रात्रीही दरवाजे बंद झाल्यावर बाळ कुणीतरी खांद्यावर टाकून फिरवलंच असेल. तिच्या नावाचा बुरूज कुठंय?

(खरंच. आज एसटी स्थानकावरच्या, बाळाला पाजायच्या खोलीलाही हिरकणी कक्ष म्हणतात. दिवसभर बाळ धरून बसलेल्या बाईच्या नावानं मात्र एक बाकडंही नाही.)

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, निदान माकडांचं तरी सांग. मावशींना माकडांची गोष्ट आवडेल असं मला वाटलं होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लो नावाचे शास्त्रज्ञ माकडांवर प्रयोग करायचे. माकडं बहुतेक भारतातून जायची आणि प्रवासात आजारी पडायची. म्हणून त्यांनी तिथंच पैदास सुरू केली. रोग लागू नये म्हणून पिल्लं जन्मताच आईपासून काढून स्वच्छ पिंजऱ्यांत ठेवली, बाटलीनं दूध पाजलं. पिल्लं अंगानं धडधाकट निघाली, पण पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेल्या कापडाच्या घड्यांना चिकटून बसायची. धुवायला घड्या काढल्या की किंचाळायची. त्यातून पुढचा प्रयोग सुचला. दोन खोट्या आया. एक तारेची, तिच्या छातीला दुधाची बाटली. दुसरी टॉवेलसारखं मऊ कापड गुंडाळलेली, तिच्याजवळ दूध नाही. पिल्लं तारेच्या आईकडे पिण्यापुरती जायची आणि दिवसाचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून काढायची. १९५८ मध्ये हार्लोंनी हे जाहीर केलं, तेव्हा ‘दूध देतो त्याचा लळा’ हा तोवरचा मोठा सिद्धांत कोसळला.

मावशी: दुपटं! मूल दुपटं सोडत नाही, हे कळायला माकडं छळली? मला विचारायचं होतं. माझ्याकडे एका मुलाचं दुपटं इतकं कळकट झालं होतं की मी धुतलं, तर त्यानं दोन दिवस त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईचा वास गेला ना त्यातला.

भाची: भारतानं माकडं पाठवणं १९७८ मध्ये बंद केलं.

मावशी: उशिरा सुचलं.

यानंतर चहा झाला. लेक आईच्या मांडीवर बसून मावशींच्या बांगड्यांकडे टक लावून बघत होती, आणि मावशी मुद्दाम तिच्याकडे न बघता बांगड्या वाजवत होत्या. हे तंत्र मी पहिल्यांदाच पाहिलं. हात पुढे करायचा नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. आपण एखादी मजेची वस्तू आहोत असं बसून राहायचं.

भाची: आता मेरी एन्सवर्थचं ऐक. बोल्बींच्या सहकारी. नवऱ्याला युगांडात नोकरी लागली म्हणून १९५४ मध्ये कंपालाला गेल्या, आणि आसपासच्या गावांत घराघरांत जाऊन आया आणि बाळं बघत बसल्या. २६ कुटुंबं. तिथं घरं भरलेली, बाळ सगळ्यांच्या कडेवर. तरी त्यांना दिसलं की बाळ घाबरलं, दुखलं की ठरलेल्या माणसाकडेच धावतं. आणि घाबरलेलं नसतं तेव्हा त्याच माणसापासून लांब रांगत जातं, मागे वळून बघतं, पुन्हा पुढे जातं. लळा म्हणजे नुसतं चिकटणं नव्हे. लांब जाता येणं, हाही लळाच.

मावशी: हे आवडलं मला. म्हणजे माणसं दहा चालतील, पण त्यात एक ठरलेलं हवं.

भाची: एक, दोन, फार तर तीन. पुढे त्यांनी बाल्टिमोरला एक परीक्षाच तयार केली. वर्षभराचं मूल, आई, खेळणी, एक अनोळखी बाई. आई दोनदा खोलीबाहेर जाते. सगळा मिळून वीस मिनिटांचा मामला. आणि बघायचं काय, तर आई गेल्यावर मूल किती रडतं हे नाही, ती परत आल्यावर काय करतं ते.

मावशी: अय्या, हे तर मी रोज साडेसहाला बघते.

भाची: काय बघतेस? सांग ना.

मावशी: काही मुलं धावत जातात, गळ्यात पडतात, थोडं रडतात, आणि लगेच आईला ओढत आत आणतात, ‘हे बघ मी काय केलं.’ काही मुलं चिकटतात आणि चिकटल्या चिकटल्या आईला मारतात. कडेवर घे म्हणतात, घेतलं की अंग ताठ करून खाली सरकतात. आणि काही... आई दारात उभी असते आणि पोर ठोकळे रचत राहतं. मान वर करत नाही. आई म्हणते, ‘बघा ना मावशी, याला माझी गरजच नाही.’ आणि हसते. ते हसणं मला आवडत नाही.

(बायको गप्प झाली होती. चार तासांच्या व्याख्यानात ती जे तीन गट फळ्यावर लिहिते, ते मावशींनी पदराला हात पुसत सांगून टाकले होते.)

भाची: बाल्टिमोरला तीनातली दोन मुलं तुझ्या पहिल्या प्रकारची निघाली. आणि त्या तिसऱ्या प्रकारच्या मुलांच्या छातीला पुढे कुणीतरी यंत्रं लावून बघितलं, १९७७ मध्ये. मूल ठोकळे रचतंय, चेहरा शांत, आणि काळीज धडधडतंय. रडणाऱ्या मुलाइतकंच.

मावशी काही बोलल्या नाहीत. वही पुढे ओढली, पानं उलटली. मधेच एका पानावर बोट ठेवलं.

मावशी: हा बघ. ‘रुळला, पहिला दिवस.’ सबंध वहीत एकच.

भाची: पहिलाच दिवस?

मावशी: सव्वा वर्षाचा होता. बाप सोडायला आला, यानं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. माझ्याकडे आला, हेल्परकडे गेला, दूधवाला आला तर त्याच्याकडेही गेला. मी सगळ्यांना कौतुकानं सांगायची, असं गुणी मूल बघितलं नाही. मग एकदा संडासाच्या पायरीवरून पडला. हनुवटी फुटली. मी स्वयंपाकघरात होते, आवाज ऐकून धावले. तर हा उठला होता. रडला नाही. एवढुसा हात हनुवटीला लावला, रक्त बघितलं, आणि भिंतीकडे तोंड करून बसला. सात मुलं, तीन बाया होत्या घरात. कुणाकडे आला नाही. आजपर्यंत मी किती हनुवट्या पुसल्या असतील, मूल रडतच माझ्या अंगावर येतं. साडी रक्तानं माखते. त्या दिवशी साडीला डागसुद्धा पडला नाही, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

भाची: त्याच्या घरचं काय होतं?

मावशी: घरचं वाईट नव्हतं. आई बाळंतपणानंतर फार आजारी. आधी सहा महिने गावी आत्याकडे, मग इथं आजोळी, मग एक पाळणाघर, ते बंद पडलं म्हणून दुसरं, मग मी. सगळ्यांनी चांगलंच सांभाळलं असणार. पण लळा लागेलागेतोवर माणूस बदललेलं.

भाची: रुमानियात हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. १९८९ मध्ये चाउशेस्कूची सत्ता गेल्यावर तिथली अनाथालयं जगाला दिसली. मुलांना खायला होतं, पण पाळीपाळीनं बदलणाऱ्या बाया आणि एकेकीकडे डझनावर मुलं. २००० सालापासून बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून कुटुंबांत ठेवलं. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं, त्यांना माणसाचा लळा लागण्याची शक्यता बरीच सुधारली. हे मिळालेले आईबाप सख्खे नव्हते. एक टिकणारं माणूस मिळालं, एवढंच.

मावशी: माझाही लागला त्याला. सहा-सात महिने लागले. मी दुसरं काही केलं नाही. तो जिथं असेल तिथंच मी भाजी निवडत बसायची. एक दिवस बोट दारात सापडलं आणि ‘माऽऽशी’ म्हणून किंचाळला. मी पेढे वाटणार होते.

भाची: रकान्यात नाही लिहिलंस?

मावशी: तो भरलेला होता ना. पहिला दिवस.

आता मला राहवलं नाही. बायकोला म्हटलं, तू एक गोष्ट मुद्दाम सांगत नाहीयेस. अमेरिकेतला तो मोठा अभ्यास. दर वर्षी चौथ्या तासाला शिकवतेस.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरभेदी आहे. पण सांगितलं. १९९१ पासून दहा ठिकाणच्या तेराशेहून जास्त मुलांचा पाठपुरावा झाला. नुसतं पाळणाघरात राहिल्यानं आईचा लळा तुटतो असं दिसलं नाही. धोका दिसला तो जोडीनं. घरी बाळाच्या हाकेला ओ मिळत नाही, आणि वर पाळणाघर निकृष्ट, किंवा तिथले तास फार, किंवा सांभाळण्याची व्यवस्था पुन्हा पुन्हा बदललेली.

मावशी: हे तुला माहीत होतं?

भाची: माहीत होतं. शिकवते म्हटलं ना त्यानं. पण पहाटे तीनला मला बोल्बीच आठवतो, मावशी. तेराशे मुलं नाही आठवत.

त्यावर मावशींनी भाचीच्या पाठीवरून नुसता हात फिरवला. थोड्या वेळानं बायको स्वतःहूनच मावशींच्या बाजूचे मुद्दे काढायला लागली, जसं आपण भांडण संपवताना करतो. ग्लासगोमध्ये १९६४ मध्ये ६० बाळांचा अभ्यास झाला, त्यात दीड वर्षाच्या मुलांपैकी फक्त एकाच माणसाचा लळा असलेली फारच थोडी निघाली. वडील, आजी, शेजारी, सगळे यादीत. आणि भरवणं-धुणं करणाऱ्यालाच पहिला नंबर मिळेल असंही नाही, जो ओ देतो त्याला मिळतो. जपानमध्ये साप्पोरोला तीच वीस मिनिटांची परीक्षा घेतली तर पुष्कळ मुलं समजावता समजेनात. कारण आईनं त्यांना एकटं असं क्वचितच सोडलेलं होतं. कॅमेरूनमधल्या न्सो लोकांत आई बाळाला मुद्दाम दुसऱ्यांच्या हातात देते, आणि कुणाकडेही शांत राहील ते बाळ गुणी. हायडी केलर नावाच्या जर्मन बाई हे दाखवून विचारतात की एका खोलीत एक आई आणि एक मूल, हे चित्र सगळ्या जगाचं कुणी ठरवलं?

मला वाटलं, आता मावशी जिंकल्या. पण मावशींचं लक्ष वहीतच होतं.

मावशी: आमच्या चिपळूणच्या घरात अकरा माणसं होती. मीही कुणाकडेही जायचे. पण ती अकराच्या अकरा माणसं दुसऱ्या दिवशी तिथंच असायची, गं. दहा माणसं चालतील म्हटलं मी, ती अशी. माझी हेल्पर सहा वर्षं टिकली, मग एका मॉलमध्ये साफसफाईला गेली, पगार दीडपट. मी काय तोंडानं अडवणार? मी फी पाचशेनं वाढवली तर पालकांचे चेहरे बघ. ती गेल्यावर एक मुलगी तिच्या रबरी चपलांशेजारी बसून राहायची. चपला इथंच विसरली होती ती.

भाची: पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर हवं, असं २०१७ च्या दुरुस्तीत आहे.

मावशी: कागदावर बरंच काही असतं. तिकडं ऊसतोडीला जाणाऱ्या बायका बाळ सरीत ठेवून कोयता चालवतात, नाहीतर सहा महिने आजीजवळ गावी टाकून जातात. त्यांच्यासाठी कोणतं आहे? तुला निदान मी आहे. चार दिवस सोड, मी म्हातारी झाले, पण कुठे जात नाही.

मग दोघींचं एकमत झालं, तेही अशा गोष्टीवर जिथं मला मतभेदाची खात्री होती. मी सहज म्हटलं, “सोमवारी तिला काऊ दाखवा, तेवढ्यात आम्ही हळूच सटकतो.” दोघी एकदम म्हणाल्या, “अजिबात नाही.”

मावशी: डोळा चुकवून जायचं नाही. पूर्वी मीच सांगायचे आयांना, मागे वळून न बघता जा. हिच्या आईलाही सांगितलं होतं. पण मी बघत आले. ज्याची आई सांगून जाते ते रडतं आणि थांबतं. ज्याची सटकते ते रडत नाही, पण दिवसभर दाराकडे बघतं. कुठल्याही क्षणी माणूस नाहीसं होतं, हे कळलेलं असतं ना त्याला.

भाची: मी बघायचे?

मावशी: तू माझ्या पदराला धरून दाराकडे बघायचीस.

तिनं डोळे पुसले नाहीत, पण लेकीला जरा घट्ट धरलं. लेकीला ते पसंत पडलं नाही, ती बांगड्यांकडे झेपावली. बांगड्या अर्थातच मावशींच्या हातात होत्या.

मावशी: आता असं करा. पहिले तीन दिवस कुणीतरी इथं येऊन बसा. तू नको, तू बसलीस तर ती तुला सोडणार नाही आणि तू तिला. जावईबापू, तुम्ही बसा. आणि हिची एक जुनी ओढणी आणा. धुवायची नाही.

मी तीन दिवस रजा टाकली. कालनिर्णयच्या खाली, भिंतीला टेकून, पाटावर. मावशींनी बजावलं होतं: खेळवायचं नाही, बोलवायचं नाही, मोबाइल तर मुळीच नाही, फक्त असायचं. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात कठीण काम होतं. पहिल्या दिवशी लेक माझ्यापासून पोटावर सरपटत दोन फरश्या लांब गेली, वळून बघितलं, परत आली. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी मावशी मटार सोलत होत्या तिथपर्यंत, सात फरश्या, आणि तिथून माझ्याकडे बघून हसली. फरश्या मी मोजल्या आहेत, करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

चौथ्या दिवशी मी तिला सांगितलं, “मी जातो, संध्याकाळी येतो.” ओठ आला, थरथरला, आणि मग तेच रविवारचं भोकाड. मी बाहेर गेटापाशी स्कूटरींच्या मागे उभा राहिलो. अकरा मिनिटं. मग आतून बांगड्या वाजल्याचा आवाज आला. ८.१२ चुकली, ८.२४ गर्दीनं सोडावी लागली.

संध्याकाळी मला बघितल्याबरोबर ती रडली. दिवसभर बरी होती म्हणे, आणि मला बघून रडली! मी हिरमुसलो. मावशी म्हणाल्या, “दिवसभराचं तुमच्यासाठी साठवून ठेवलं होतं. घ्या.”

तिसऱ्या आठवड्यात बायको तिला आणायला गेली तेव्हा वही ओट्यावर उघडी होती. लेकीच्या नावापुढे सगळे रकाने भरलेले: नाचणीची पेज खाते, केळं सोसत नाही. शेवटच्या रकान्यात दिवसाचा आकडा नव्हता. त्या अरुंद जागेत न मावणारी, समासात उतरलेली एक ओळ होती: ‘पाळण्याच्या पायाला डोकं आपटलं. रडत माझ्याकडे आली.’

बायकोनं ते दोनदा वाचलं, तिथूनच मला फोन केला, आनंदानं सगळं सांगितलं. मग जरा वेळ काहीच बोलली नाही. फोनवर दिसत नाही, पण मी सात वर्षं संसार केलाय. तिनं ओठ काढला होता.